वस्त्र जीर्ण झाले, हे कोणी म्हणावे?

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात देहाला जीर्ण वस्त्राची जी उपमा दिली आहे, ती आपल्या घरांतून इतक्या वेळा ऐकावयास मिळते की तिच्याकडे निरखून पाहण्याचा प्रसंग सहसा येत नाही. बहुधा ती दुखवट्याच्या बैठकीत कानावर पडते, आणि तेथे कोणी शंका काढीत बसत नाही. तथापि त्या उपमेत एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली आहे. वस्त्र विरले, आता ते टाकावयास हवे, हे नेसणाऱ्याचे त्याला कळते. शिंपी दाराशी येऊन ‘तुमचा सदरा येत्या चौदा तारखेपासून जीर्ण समजावा’ असे बजावून जात नाही. सदरा अंगावर नीट बसत आहे, कोठे उसवलेला नाही, रंगही टिकून आहे, अशा वेळी एखादा शिंपी तसे सांगू लागला तर त्याला आपण काय म्हणू?

हा प्रश्न केवळ कल्पनेतला राहिलेला नाही. ज्यांच्या घरी अथवा कचेरीत संगणक आहे अशा कोट्यवधी माणसांच्या दाराशी असा शिंपी नुकताच येऊन गेला. संगणकाचे यंत्र आणि आपण त्यावर करतो ते काम यांच्यामध्ये जो कारभारी बसलेला असतो, त्याला ‘ऑपरेटिंग सिस्टिम’ म्हणतात. या लेखापुरते तिला आपण प्रणाली म्हणू. कळफलकावर बोट पडले की पडद्यावर अक्षर उमटविणे, मजकूर प्रिंटरकडे धाडणे, कोणता कागद कोठे ठेवला याची नोंद राखणे, ही सारी कामे तिची. मायक्रोसॉफ्ट या अमेरिकन कंपनीची विंडोज ही प्रणाली मेजावरच्या संगणकांत सर्वांत अधिक वापरली जाते. तिची ‘विंडोज १०’ ही आवृत्ती २९ जुलै २०१५ रोजी निघाली, आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी कंपनीने तिची सर्वसाधारण देखभाल थांबविली. त्या दिवशी त्यामुळे एकही यंत्र बंद पडले नाही, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. सकाळी जसे सुरू होत होते तसेच ते दुसऱ्या दिवशीही सुरू झाले. थांबली ती फक्त बुजवणी. प्रणालीत चोरांना शिरता येईल अशा फटी नित्य नव्याने सापडत असतात. त्या बुजविण्याचे काम यापुढे आम्ही करणार नाही, एवढाच त्या तारखेचा अर्थ.

यावर ‘विंडोज ११ घ्या’ असे उत्तर तयार होते. ही आवृत्ती ५ ऑक्टोबर २०२१ पासून उपलब्ध होती आणि तिला वेगळे पैसेही पडत नव्हते. परंतु ती घेण्यास यंत्रात टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय असावी लागते, आणि साधारणपणे २०१७ च्या आधीचे प्रोसेसर तिच्या यादीत बसत नाहीत. म्हणजे ज्यांचे यंत्र त्याहून जुने, त्यांनी नवा सदरा घ्यावयाचा तर शरीरही नवे आणावे! उपमा येथे अगदीच उलटी झाली, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. बाजारपेठेचा अभ्यास करणाऱ्या कॅनालिस या संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये असा अंदाज वर्तविला होता की या एका निर्णयामुळे सुमारे २४ कोटी संगणक भंगारात जाऊ शकतील. अंदाज तो अंदाजच. पण त्यातले निम्मे जरी खरे धरले, तरी चालती यंत्रे केवळ एका तारखेने मोडीत काढण्याचा असा प्रकार पूर्वी क्वचितच झाला असेल.

मी तंत्रज्ञ नाही, आणि तंत्राची चर्चा करण्याचा माझा अधिकारही नाही. हा प्रश्न माझ्यापुढे आला तो धाकटा भाऊ या नात्याने.

माझ्या थोरल्या बंधूंनी, त्यांना घरात सगळे अण्णा म्हणत, १९९८ साली आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत लिहावयास घेतला. मूळ घराणे गोव्यातले. एक शाखा बेळगावास आली, एक ग्वाल्हेरीस गेली, एक बडोद्यास जाऊन तेथलीच झाली. अण्णा येथील एका मराठी संस्थेच्या कचेरीत टंकलेखक होते. मराठी टाइपरायटरचा कळफलक त्यांच्या बोटांत इतका मुरला होता की कोणते अक्षर कोठे आहे हे विचारले तर त्यांना सांगता येत नसे. हात हवेत धरून बोट हलवून पाहावे लागे. निवृत्तीनंतर त्यांनी संगणक घेतला आणि २००१ साली मराठी लिहिण्याचा एक लिपिसंच विकत घेतला. त्यात जुन्या टाइपरायटरचाच कळफलक होता, म्हणून तर त्यांनी तो पसंत केला. संचाबरोबर एक लहानसे ‘कुलूप’ मिळे. ते यंत्राच्या पाठीमागे खोचले असेल तरच लिपी चालावयाची. चोरून नकला होऊ नयेत म्हणून ही तजवीज होती, आणि त्या काळी ती कोणाला वावगी वाटली नाही.

२०१४ साली त्यांच्या मुलाने त्यांना नवे यंत्र घेऊन दिले. दुकानदाराने त्यात मुद्दाम ३२-बिटची प्रणाली घातली, कारण जुने कुलूप ६४-बिटवर चालत नव्हते. २०१६ च्या उन्हाळ्यात प्रणालीची पुढील आवृत्ती फुकट मिळत आहे असे पडद्यावर आले, आणि अण्णांनी होकार दिला. फुकट मिळते ते सोडू नये, हा आमच्या पिढीचा धर्मच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र उघडले तेव्हा पडदा देखणा झाला होता; पण लिपीने कुलूप ओळखले नाही. अकरा दिवस अण्णांना एक अक्षर लिहिता आले नाही. त्या अकरा दिवसांतले त्यांचे एक वाक्य मला अजून बोचते. मी खोलीत गेलो तेव्हा ते कळफलकावर हात ठेवून नुसतेच बसले होते. मला म्हणाले, “माझंच काही चुकलं का रे?”

त्यांचे काही चुकले नव्हते. अखेर खडे बाजारातल्या एका दुरुस्ती करणाऱ्या मुलाने खटपट केली, लिपीच्या विक्रेत्याकडून पैसे भरून दुसरे कुलूप आणविले, आणि काम पुन्हा सुरू झाले. परंतु चालत्या गोष्टीत कोणी दुसऱ्याने बदल करावा आणि अपराधी वापरणाऱ्याने वाटून घ्यावे, ही गोष्ट मी नंतर अनेकांच्या बाबतीत पाहिली. निवृत्त शिक्षक, पतपेढीतले कारकून, पौरोहित्य करणारे आमचे एक स्नेही, सगळ्यांची भाषा एकच: “मला जमत नाही हो आता.” जमत नव्हते कसे? कालपर्यंत जमत होते.

आपली मराठी भाषाही या बाबतीत गमतीची साक्ष देते. प्रणालीत बदल झाला की आपण म्हणतो, ‘अपडेट आला.’ पाऊस आला, ताप आला, पाहुणे आले, तसाच अपडेट आला. तो कोणी पाठविला, कोणाच्या सोयीसाठी पाठविला, हे त्या वाक्यात कोठेच नाही. माणसाने केलेली गोष्ट आपण दैवाच्या खात्यात जमा करून मोकळे होतो. दैवापुढे तक्रार चालत नसते, म्हणून मग आपण आपल्यालाच दोष देतो.

आता संमतीचे पाहू. अण्णांनी निदान ‘होय’ म्हटले होते. २०१५-१६ या काळात जगात पुष्कळांना तेवढाही मान मिळाला नाही. विंडोज ७ व ८.१ वापरणाऱ्यांच्या पडद्यावर नव्या आवृत्तीची सूचना देणारी एक चौकट येत असे. चौकटीच्या कोपऱ्यातल्या फुलीवर टिचकी मारली की ती मिटते आणि आपला नकार पोचतो, ही वापरणाऱ्यांची वीस वर्षांची सवय. २०१६ च्या मे महिन्याच्या सुमारास त्या फुलीचा अर्थ बदलला. चौकट मिटे, पण नेमून दिलेल्या वेळी नवी प्रणाली यंत्रावर चढे. नकाराची खूण हीच होकाराची खूण ठरली. कॅलिफोर्नियात प्रवासाचा व्यवसाय चालविणाऱ्या एका बाईने, आपण न मागता आलेल्या या बदलाने यंत्र निकामी होऊन धंद्याचे दिवस बुडाले, म्हणून लहान दाव्यांच्या न्यायालयात फिर्याद केली. तिला १०,००० डॉलर मिळाले. कंपनीने दोष मान्य केला नाही, पण अपील पुढे चालविलेही नाही. पुढे डिसेंबर २०१६ मध्ये कंपनीच्या विपणन-प्रमुखाने एका मुलाखतीत कबूल केले की त्या फुलीच्या बाबतीत आपण मर्यादा ओलांडली होती. हा कबुलीजबाब उशिरा आला खरा. पण आला हे नमूद करणे न्यायाचे आहे.

संमती दोन रीतींनी मारता येते. एक, न विचारता. दुसरी, वारंवार विचारून. २००७ च्या जानेवारीत विंडोज व्हिस्टा बाजारात आली तेव्हा सुरक्षेसाठी ती पावलोपावली ‘पुढे जाऊ का?’ असे विचारी. हेतू चांगला होता. परिणाम असा झाला की माणसे न वाचता ‘होय’ दाबावयास शिकली, आणि ती सवय अजून गेलेली नाही. लग्नाच्या घरात मुलाच्या मामाला प्रत्येक गोष्ट विचारावी, आणि त्याने प्रत्येक वेळी मान डोलवावी, त्यातलाच हा प्रकार. पन्नास पानांच्या अटींखाली ‘मला मान्य आहे’ असे आपण जे म्हणतो, त्याला संमती म्हणावे की नमस्कार, हे ठरविणे कठीण आहे.

येथपर्यंत लिहून थांबलो असतो तर लेख सोपा झाला असता. परंतु दुसरी बाजू माझ्या मनाने जेवढी समजली होती त्याहून पुष्कळ भारी आहे.

१२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा एक उपद्रव जगातल्या संगणकांत पसरला. तो यंत्रातले सारे कागद कुलूपबंद करी आणि खंडणी मागे. एका यंत्रातून शेजारच्या यंत्रात तो आपोआप जाई. कोणी काही उघडावयाची आवश्यकता नसे. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत ६,९१२ रुग्णांच्या भेटी रद्द झाल्याची नोंद तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने केली, आणि खरा आकडा १९,००० च्या वर असावा असा अंदाज दिला. ज्या फटीतून हा उपद्रव शिरला ती बुजविण्याचा उपाय त्याच वर्षीच्या १४ मार्चला, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी, कंपनीने देऊन ठेवला होता. ज्यांनी तो लावून घेतला नाही त्यांची यंत्रे गेली. आणि त्यांच्या यंत्रांबरोबर कोणा अनोळखी माणसाची शस्त्रक्रियाही पुढे गेली. ‘माझा सदरा, मी केव्हा टाकीन ते मी पाहीन’ हे म्हणणे सदऱ्यापुरते ठीक आहे. वाड्यातल्या सामाईक भिंतीबद्दल ते चालणार नाही. जोडलेला संगणक हा सदरा नव्हे, ती सामाईक भिंत आहे. तिच्या माझ्या बाजूचे भगदाड मी तसेच ठेवले तर चोर शेजाऱ्याकडे जातो.

म्हणून बदल नाकारणे हा प्रत्येक वेळी स्वातंत्र्याचा उद्गार नसतो, हे मान्य केले पाहिजे. कंपनीच्या बाजूनेही काही बोलावयास हवे. जुन्या प्रत्येक आवृत्तीची डागडुजी कोणी जन्मभर करीत बसणार नाही. दहा वर्षे हा काळ या व्यवसायात लहान नव्हे. आणि देखभालीची शेवटची तारीख कंपनीने प्रथमपासूनच छापून ठेवली होती. नवी सुरक्षेची सोय केवळ नवी यंत्रे खपावीत म्हणून काढलेली आहे असेही म्हणता येत नाही. चोर शहाणे होत गेले तसे कुलूपही शहाणे व्हावे लागते.

तरीपण माझी शंका तेवढ्याने फिटत नाही. विंडोज एक्सपी या जुन्या आवृत्तीची देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजी संपली होती. वॉनाक्राय आला तेव्हा कंपनीने, तीन वर्षांनंतर, त्या एक्सपीसाठीही बुजवणी खुली केली. चांगलेच केले. पण त्यावरून हे उघड झाले की बुजवणी करता येत नव्हती असे नव्हे, करावयाची नाही असे ठरले होते. विंडोज १० च्या बाबतीतही तेच. १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत एक वर्षाची जादा बुजवणी कंपनीने घरगुती ग्राहकांस देऊ केली: ३० डॉलर भरा, किंवा आपल्या यंत्राच्या मांडणीची नोंद कंपनीच्या खात्यात ठेवू द्या. युरोपात ग्राहकसंघटनांनी तगादा लावला तेव्हा तेथे पैशाची व नोंदीची अट सुटली. एकाच दोऱ्याने एकच फाटलेले शिवावयाचे; पण कोठे फुकट, कोठे मोल घेऊन. जीर्णता ही वस्त्राची अवस्था असती तर ती देशपरत्वे बदलली नसती. ती अवस्था नव्हे, तो निर्णय आहे. निर्णय म्हटला की तो कोणी घेतला, कोणासाठी घेतला, आणि ज्यांच्यावर तो पडला त्यांना विचारले होते काय, हे प्रश्न आलेच.

आपल्या जुन्या व्यवहारशास्त्रात विवादाची जी अठरा पदे सांगितली आहेत, त्यांत ऋणादानाच्या लगोलग मनूने निक्षेपाचे नाव घेतले आहे. निक्षेप म्हणजे विश्वासाने दुसऱ्याच्या हाती दिलेली ठेव. ठेव जशी दिली तशी परत मिळाली पाहिजे, हा नियम. याज्ञवल्क्याने त्याला अपवाद सांगितला आहे तो असा की राजा, दैव किंवा चोर यांच्यामुळे ती नाहीशी झाली तर ठेव सांभाळणाऱ्याकडून ती भरून घेऊ नये. प्रणाली बदलताना माणसांची होणारी तारांबळ पाहिली की हे निक्षेपाचे प्रकरण मला वरचेवर आठवते. नवी बटणे, नवे रंग, जागा बदललेल्या खुणा, यांचा त्रास चार महिन्यांत विसरला जातो. २०१२ साली विंडोज ८ मधून ‘स्टार्ट’चे बटण काढले तेव्हा केवढी ओरड झाली, आणि पुढल्याच वर्षी ते परत ठेवावे लागले, आज ते कोणाच्या लक्षातही नाही. खरा घोर असतो तो ठेवीचा. मी या पेटीत जे ठेवले आहे ते पेटी बदलल्यावर माझे मला मिळेल ना?

अण्णांची ठेव कशी होती ते थोडे सांगतो, कारण मराठीत लिहिणाऱ्या हजारो जणांची ती तशीच आहे. युनिकोड या जागतिक अक्षरसंकेतात देवनागरीला १९९१ सालीच स्थान मिळाले होते, आणि विंडोज २००० पासून ती सोय प्रणालीतही आली. त्यात ‘क’ ला स्वतःचा क्रमांक आहे. तो जगात कोठेही ‘क’ च राहतो. परंतु आपले छापखाने, वर्तमानपत्रे आणि कचेऱ्या पुढेही कित्येक वर्षे जुन्या लिपिसंचांवरच चालल्या. त्या संचांत ‘क’ ला स्वतःचे असे स्थान नव्हते. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसविलेले असत: कोठे काना, कोठे अर्धा श, कोठे रफार. यंत्राच्या लेखी तो मजकूर मराठी नव्हताच. ती इंग्रजी अक्षरांची व खुणांची निरर्थक रास होती, आणि लिपीचा चष्मा लावला तरच ती मराठी दिसे. चष्मा काढला की रास उरे. प्रत्येक विक्रेत्याचा चष्मा निराळा, आणि आमच्या चष्म्याला वर कुलूप. विंडोज ११ केवळ ६४-बिटची आहे. ३२-बिटसाठी ती निघालीच नाही. तेव्हा अण्णांचे कुलूप तिच्यावर चालण्याचा प्रश्नच नव्हता. गेल्या वर्षी त्यांचे एक प्रकरण पुतण्याने आपल्या नव्या यंत्रावर उघडले, तेव्हा आमच्या खापरपणजोबांच्या जागी एस, एफ, एक स्वल्पविराम, एक अंशचिन्ह अशी ओळ उमटली.

मला प्रथम राग आला. प्रणाली विकणाऱ्यांचा, लिपी विकणाऱ्यांचा, कुलपाचा. रागाच्या भरात मी हा लेख मनात जुळवावयास लागलो होतो, आणि त्यात शिंपी हाच एक अपराधी होता. मग निक्षेपाचे ते तीन अपवाद आठवले, आणि माझी लेखणी अडली.

अण्णा २०१९ साली गेले. जाण्यापूर्वी वर्षभर ते मला म्हणत होते, “एकदा सगळं छापून तरी ठेवू या. नाहीतर त्या नव्या लिपीत उतरवून घेऊ. माझ्या डोळ्यांनी आता होत नाही, तू बस माझ्याजवळ.” मी ‘बसू’ म्हणालो. दिवाळी झाल्यावर बसू, पावसाळा संपल्यावर बसू. ते गेल्यावर यंत्र माझ्या खोलीत आले, आणि त्यावर कापड घालून मी ते जपले. कोणी ‘हे जुने टाका आता’ म्हणाले तर मी रागावत असे. त्यात अण्णांचा हात आहे, असे सांगत असे. ते खोटे नव्हते. परंतु सहा वर्षांत मी त्या यंत्रातले एक पानही दुसरीकडे उतरविले नाही. ठेव माझ्याकडे होती. राजाने ती हिरावली म्हणावे, तर राजाने दहा वर्षे आधी दवंडी पिटली होती. दैव म्हणावे, तर यंत्र आजही चालू होते. चोर तर आलाच नव्हता. ज्याला मी जुन्याची निष्ठा म्हणत होतो, तिच्यात माझा आळस किती होता, हे मला निवडून सांगता येणार नाही. दोन्ही एकाच कापडाखाली झाकलेले होते.

शिंप्याचा अपराध यामुळे कमी होतो असे मला वाटत नाही. दुसऱ्याच्या अंगावरचे वस्त्र जीर्ण ठरविण्याचा अधिकार ज्याने घेतला, त्याने खिशातली वस्तू काढून घ्यावयास अवधी आणि वाट दोन्ही दिली पाहिजेत. अवधी दिला म्हणजे वाट दिली असे होत नाही. कुलूप विकणारा तर याहून अधिक दोषी, कारण त्याच्याकडे ना तारीख होती ना वाट. पण नेसणाऱ्यानेही अधूनमधून वस्त्र उजेडात धरून पाहावयाचे असते. ‘हे कोणी म्हणावे?’ या माझ्या प्रश्नाचे उत्तर ‘नेसणाऱ्याने’ हेच आहे. फक्त पाहण्याचे काम टाळून म्हणण्याचा हक्क तेवढा आपल्याकडे ठेवता येत नाही.

हे वहिनींपाशी बोललो. त्या फोंड्याच्या, आमच्याशी मराठी बोलतात, पण मन मोकळे करावयाचे झाले की कोंकणीवर येतात. म्हणाल्या, “तांणी बरयलां तें वाचपाक मेळ्ळें जाल्यार पुरो.” पेटी कोणती, प्रणाली कोणती, कुलूप कोणाचे, यांतले त्यांना काहीच नको होते. त्यांनी लिहिलेले वाचावयास मिळाले म्हणजे झाले.

पुतण्याने जुन्या यंत्राची इंटरनेटची जोडणी काढून टाकली. आता त्यात फट असली तरी शेजाऱ्याला धोका नाही. आणि कुलूप लागलेले असल्याने अण्णांची पाने तेथे नीट दिसतात. जुन्या लिपीतून युनिकोडमध्ये मजकूर उतरविणारी साधने मिळतात, त्यांतले एक त्याने शोधून काढले. पण ते काम बटण दाबून होणारे नव्हे. जुन्या लिपीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठविलेली असते, कारण हाताने लिहिताना ती आधी येते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर ठेवावी लागते. रफाराचे उलट. साधन बहुतेक वेळा हे बरोबर फिरविते, पण जोडाक्षर आले की गोंधळते. ‘कीर्तन’ मधला रफार पुढच्या न वर जाऊन बसतो, ‘सुऱ्या’ आणि ‘सूर्या’ यांचा घोटाळा होतो, आणि आडनावांची तर दैना. म्हणून आम्ही दोघे रात्री जेवणानंतर बसतो. तो नव्या यंत्रावरून मोठ्याने वाचतो, मी जुन्या पडद्यावर बोट ठेवून जातो. एकंदर ३८० पाने आहेत. रोज तीन-चार होतात. काम संथ आहे, पण अण्णांचे लेखन मी प्रथमच सलग वाचीत आहे, हेही कबूल केले पाहिजे. ते हयात असताना मी फक्त आमच्या शाखेची पाने चाळली होती.

परवा ग्वाल्हेरच्या शाखेला आलो. तेथे एका बाईंचे नाव नव्या प्रतीत ‘चमाबाई’ असे उमटले. मी जुन्या पडद्यावर पाहिले: ‘चिमाबाई’ होते. वेलांटी वाटेत गळाली होती. पुतण्याने ती घातली. पण मला दिसत होते की अण्णांनी त्या नावापुढे कंसात एक प्रश्नचिन्हही ठेवलेले आहे. ते साधनाने बिनचूक उतरविले होते.

ग्वाल्हेरला आमची एक चुलत आत्या आहे, नव्वदी ओलांडलेली. तिला ठाऊक असेल तर असेल.

“काका, उद्या सकाळी विचारू,” पुतण्या म्हणाला. “आता नऊ वाजून गेले.”

मी म्हटले, “आत्ताच लाव.” त्याने फोन लावून माझ्या हातात दिला. पलीकडे घंटा वाजत होती, आणि बराच वेळ वाजत राहिली. मग कोणीतरी तो उचलला.